ड्रेस एक रात्र टांगायचा असतो

तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी होत्या. लेक नव्या नोकरीवर निघालेली.

"आजचं तिकीट नको काढूस. तुझ्या ड्रेसची खालची दुमड शिवायची राहिलीय."

"मग शीव ना, आई. कितीसं काम ते?"

"होजिअरीचं कापड आहे. स्वतःच्याच वजनाने लोंबतं. एक रात्र टांगायचं, मग दुमडायचं. नाहीतर घेर वाकडा दिसतो."

"खाली कोण बघतंय?"

"सकाळी ऑफिसात बघतील. संध्याकाळी पट्टा बांधून जेवायला गेलीस की आणखी बघतील. कमरेत काय छान बसलाय. पोटही लपतंय."

"मला पोट आहे?"

"माझ्यावरच गेलीयेस, तोंड नको वाकडं करूस."

"आई, मला परवा हजर व्हायचंय."

"परवा ना? मग उद्या निघ की."

"पण ड्रेस तर गेल्या रविवारीच शिवून झाला होता. इतके दिवस कुठे होता?"

"कपाटात. घडी घालून."

"टांगला का नाहीस?"

"विसरले."

"तू? आणि विसरलीस?"

"वय झालं आता."

खिडकीतून आवाज आला, "कधीचं देऊ?"

लेकीने आईकडे पाहिलं. आई पर्सची चेन उघडत-लावत होती.

"उद्याचं द्या," लेक म्हणाली. "आणि आई, आज घरी गेल्यावर तो खरंच टांग हं."