दवंडीतलं पहिलं नाव

(पोलादपूर, एप्रिल १९६८. बाजाराच्या दिवशीची सकाळ. राहीबाई ओटीवर सुपात कुळीथ निवडतायत. जवळच त्यांची मुलगी कुमुद, हायस्कुलातली गणिताची शिक्षिका, आणि दवंडी पिटणारे ग्रामपंचायतीचे शिपाई हैबती बसलेत.)

हैबती : या कार्डाचा एक कोपरा कापलाय बघ, बाय. वरचा, डावीकडचा. उंदरानं नाय कुरतडला, चांगला सरळ कापलाय.

कुमुद : मुद्दामच कापतात, काका. गठ्ठ्यात एखादं कार्ड उलटं लागलं तर लगेच दिसावं म्हणून.

हैबती : आन् ही भोकं?

कुमुद : ती अक्षरं. उभ्या रांगेत एक अक्षर, अशा ऐंशी रांगा. मुंबईच्या एका संस्थेनं पत्रासोबत नमुना पाठवलाय. त्यांच्याकडे आकडेमोड करणारं यंत्र आहे, ते ही भोकं वाचतं. त्याला काम सांगायची भाषा म्हणजे फोरट्रान. मे महिन्यापासून सहा आठवडे शिकवणार आहेत. फुकट.

राहीबाई : ही भाषा बोलतात तरी कुठल्या मुलखात?

कुमुद : कुठंच नाही, आई. फक्त लिहायची.

राहीबाई : मग बरं हाय. भांडणं तरी नाय व्हायची.

हैबती : हे बघ बाय, मला कळल्याबिगार मी वरडणार नाय. या शिकवणीचा तुझा कागद महिनाभर येष्टी स्टँडावर लागलाय. लोक त्याला चुन्याची बोटं पुसतात. आला कोन?

कुमुद : कोणीच नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. अर्ज पोचायला नऊच दिवस उरलेत.

हैबती : मग नीट सांग.

कुमुद : समजा, तुम्हीच यंत्र आहात.

हैबती : बरं, झालो.

कुमुद : मी लिहून देणार, चावडीपाशी थांबा. डफ तीनदा वाजवा. ओरडा. पुढच्या आळीत जा. पुन्हा तेच करा.

हैबती : किती येळा?

कुमुद : शाब्बास काका! तेच सांगायला विसरलं की घोटाळा. 'आळ्या संपेपर्यंत' असं मी लिहिलं नाही, तर तुम्ही कशेडीचा घाट ओलांडून वाजवतच खेडला पोचाल.

हैबती : म्हंजे येडंच की यंत्र!

कुमुद : येडंच. पण दमत नाही. पुलाची जी गणितं करायला माणसाला महिना लागतो, ती एका दुपारी उरकतं.

हैबती : बरं, शिकाय पाहिजे किती?

कुमुद : इंटर सायन्स तरी, म्हणजे मॅट्रिकनंतर कॉलेजची दोन वर्षं. पदवी असेल तर उत्तमच.

हैबती : मग उगाच घसा कशाला ताणू? सगळी मिळून तीन घरं. कापडे गावच्या मुरारीचा लेक, सयाजी मास्तरांचा धाकटा आन् महाडहून हितं आलेला जहांगीर. दारात जाऊन सांगतो की.

कुमुद : दारातही जा, पण दवंडी हवीच. अकरावीतल्या माझ्या पोरींना कळू दे, जगात असलंही काही शिकायला असतं.

हैबती : बरं. पहिलं नाव कोनाचं घालू?

कुमुद : कसलं पहिलं नाव?

हैबती : दवंडी झाली की माणसं येकच इचारतात, कोन चाललंय? देवीची लस आली तवा दोन दिस घसा फोडला, चिटपाखरू फिरकलं नाय. तिसऱ्या दिशी वरडलो, पहिलं नाव सरपंचांच्या आईचं! दुपारी ही रांग.

कुमुद : मग मुरारीकाकांच्या मुलाचं घाला.

हैबती : त्याला इचारलंस?

कुमुद : अजून नाही. पण हुशार आहे हो तो.

हैबती : न इचारलेलं नाव मी वरडत नाय.

राहीबाई : हैबतीभाऊ, गेल्या सालचा असाच एक अर्ज आमच्या फडताळात हाय. नावगाव, सही, सगळं हिनं केलंन्. पोस्टाच्या पेटीत तेवढा टाकला नाय.

कुमुद : आई! तुला ताप होता तेव्हा.

राहीबाई : ताप मला तीन दिस होता गो. तूच तो सहा आठवडे पुरवलास.

कुमुद : हसू नका, काका. मी गेले तर ही एकटी काय करेल?

राहीबाई : कुळीथ निवडीन. आता काय करतेय? शेजारच्या भागोजीची पोरं दिवसभर माझ्याच चुलीपाशी असतात. माझी सबब सांगू नको. खरं काय ते बोल.

कुमुद : खरं म्हणजे... भीती वाटते. कॉलेज सोडून नऊ वर्षं झाली. तिथं सगळे इंजिनियर येणार. पहिल्याच दिवशी काही कळलं नाही, तर इथं वर्गात काय तोंड दाखवू?

हैबती : आता मला कळलं का नाय? मी तर चौथी नापास.

कुमुद : तुम्हाला मी समजावलं, काका.

हैबती : मग तिथंबी कोनीतरी समजावील की. सगळेच काय तोंडं शिवून बसणारायत?

राहीबाई : आन् नायच कळलं, तर ये परत. येष्टी दोन्हीकडनं चालते.

हैबती : चल बाय, बाजार भरला. उन्हं चढायच्या आत निघू दे मला. काय वरडू?

कुमुद : सांगा... मुंबईत फोरट्रान शिकवणार आहेत. सहा आठवडे. मुलींनाही घेतात.

हैबती : आन्?

कुमुद : पहिलं नाव कुमुद महिपती उतेकर. मी जातेय.