दोन जावांच्या गोळ्या

गुडघेदुखीच्या नव्या औषधाची चाचणी होती. दोन जावा दवाखान्याच्या बाकावर येऊन बसल्या. थोरली तर जिना तरातरा चढून आली होती. समोर कंबर धरून बसलेल्या एका ड्रायव्हरने वर्तमानपत्र उघडलं, पण कान तिकडेच लावले.

"निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. आणि कुणाला कुठली, ते म्हणे डॉक्टरलाही ठाऊक नाही!"

"चिठ्ठ्या टाकून ठरवतात, जाऊबाई."

"मग एवढे शिकले कशाला? चिठ्ठ्या काय, मीही टाकते."

"हळू बोला."

"का हळू? तू लगेच टुणटुणीत झालीस आणि मी आपली कण्हतेय. तेव्हाच ओळखलं, खरी हिलाच मिळाली. मागच्या महिन्यात गुपचूप तुझ्या गोळ्या माझ्या बाटलीत ओतल्या, माझ्या तुझ्या बाटलीत. तेव्हापासून गुडघा बघ कसा!"

"अहो, पण मी पहिल्याच दिवशी बदलल्या होत्या! म्हटलं, थोरली म्हणून खरी तुम्हालाच दिली असणार."

"म्हणजे महिनाभर मी माझीच खातेय?"

"तुमचीच."

"मग पिठाचीच असणार ती. माझ्या वाट्याला कधी काही खरं आलंय?"

डॉक्टर दारात आले. "गोळ्या ज्याच्या त्यानेच घेतल्या ना?"

"आम्हाला काय अडाणी समजलात?" दोघी एका सुरात म्हणाल्या.

ड्रायव्हरने पाय आखडून घेतले. थोरली भिंत धरून लंगडत आत गेली.