जवळपास दोन जण

"हॅलो? … हॅलो, कोण? … हां, वन्सं! बरं झालं तुम्हीच केलात, नाहीतर मीच करणार होते. तुमचं ते अ‍ॅप बंद पडलंय."

थोरलीनं दुकानातल्या फोनचा रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मधे दाबून धरला आणि गिऱ्हाइकाच्या पँटची शिवण उसवायला घेतली. नणंदेशी बोलताना हात रिकामे राहिले की तोंड जरा जास्तच चालतं, हे तिला अनुभवानं कळलं होतं.

"नाही, आई बऱ्या आहेत. … बऱ्या आहेत हो! मी तासाभरात दोनदा वर जाऊन आले. दोन दोन जिने, या गुडघ्यानं. वर गेलं की त्या म्हणतात, 'मी केव्हाची लिहितेय, तूच बघत नाहीस.' खाली येऊन बघते तर काही नाही. … केलं. बंद करून चालू केलं. … तेही केलं. … अहो, त्यांचाही केला!"

शिवण टरटरत निघाली.

"मी कटकट करतेय? वन्सं, गेल्या महिन्यात आलात, आईंच्या हातात फोन दिलात, 'इंटरनेट नको, नेटवर्क नको, वर लिहिलं की खाली पोचतं' म्हणालात, आणि गाडीत बसून गेलात. दिवसाला चाळीस निरोप येतात मला. 'पंखा.' 'पंखा नको.' 'खाली कोण खोकलं?' काल तर नुसतंच, 'जिवंत आहे.' … हसू नका. मी गिऱ्हाइकाच्या कंबरेचं माप घेत होते, टेपच सुटली हातातून.

"… पण ते चाळीस परवडले. हे गप्प बसणं नाही परवडत. डॉक्टर काय म्हणाले? खुब्यावर भार द्यायचा नाही, एकटीनं उठायचं नाही. आणि दुपारी घरात त्या एकट्या. 'उठायचंय' असं आलं की मी हातातलं टाकून पळते. आता मी आलेच नाही तर त्या माझी वाट बघत बसतील? तुमची आई? … बघा, तुम्हीच नाही म्हणताय.

"… वर काय लिहिलंय म्हणजे? कुठे वर? … थांबा, चष्मा… हां. 'जवळपास कोणी नाही.' … एरवी? एरवी 'जवळपास दोन जण' असायचं. … मला काय माहीत दोन कोण! मी म्हटलं, एक त्या आणि एक मी. … आपल्याला मोजत नाही? मग दुसरं कोण?"

थोरलीनं रिसीव्हर दोनदा हलवून पाहिला.

"हॅलो? … आहात ना? … निरोप तीस पावलंच जातो? बरं. … नाही, अंतर फार नाही, पण या दगडी भिंती. म्हणून तर साधा मोबाईल लागत नाही इथे. … उड्या? निरोप काय बेडूक आहे उड्या मारायला? … मधे कोणाचा तरी फोन लागतो. बरं. तो घेतो आणि पुढं ढकलतो. बरं. … मधे कोण म्हणजे? मधे कोण असणार? मधल्या मजल्यावर धाकटी राहते."

उसवणारा हात थांबला.

"नाही. … शक्यच नाही. अहो, चौदा महिने आम्ही एकमेकींशी बोलत नाही. पाहुण्यांनी भरलेल्या घरात म्हणाली ती, 'जाऊबाईंच्या शिलाईचा काही भरवसा नाही.' तिच्या लेकीचा झगा स्टेजवर उसवला, मान्य आहे. पण ती मुलगी झग्यात कोलांटी मारणार आहे हे मला कोणी सांगितलं होतं का? … तुम्ही सांगितलंत? झग्याचं नाही, अ‍ॅपचं. धाकटीला. कधी? … तेव्हाच. आणि थोरलीला कळू द्यायचं नाही, असं तिनंच… वा! आणि आई? … त्यांनाही माहीत! म्हणजे या घरात मी तेवढी परकी. … रागावले नाही. मी अजिबात रागावलेली नाही!"

कात्री टेबलावर आपटली गेली. मग तिला भलतंच काही सुचलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

"वन्सं… एक विचारू? आईंना मी जे लिहायची, ते तिच्या फोनमधून वर जायचं? … सगळं? … नाही, विशेष काही नाही. आपलं हेच. 'धाकटीनं आज पुन्हा दार आपटलं.' 'धाकटीकडे परत बाहेरचं जेवण.' … कुलूप असतं? तिला वाचता येत नाही? नक्की? … तुमच्या मुलांची शपथ घ्या. … हुश्श.

"… हो, पण मग आजच काय झालं? रोज चालतं ते आजच… घराच्या आतून लागत नाही? मग ती कुठे ठेवते फोन? … जिन्यात."

थोरली स्टुलावर बसली.

"… खिडकीत. चार्जरला लावून. दिवसभर. … मला काय झालं? … काही नाही. … अहो, काही नाही म्हटलं ना! … बरं, सांगते. दोनच्या सुमाराला मी कपड्यांचं गाठोडं घेऊन उतरत होते. तिच्या दारातून वायर बाहेर आलेली, ती आली पायात. पडलेच असते मी. मग ओढून काढली, आणि फोनसकट तिच्या दाराच्या कडीला अडकवली. … बोलले. थोडंसं. … 'जिना काही कोणी माहेराहून आणलेला नाही.' … दाराला बोलले, तिला नाही! दार बंद होतं. … हो, ऐकू गेलं असणार. माझा आवाज तुम्हाला माहितीये. म्हणून फोन आत घेतला असणार तिनं.

"… मी? मी जाऊन म्हणू, 'लाव बाई परत'? … नाही जमायचं. … अहो, हट्ट नाही हा. पहिल्या आठवड्यात मला माहीत होतं काय बोलायचं. रोज मनात तयार करायची. मग महिना गेला, मग सहा गेले. आता तोंड उघडायचं तर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. … तुम्ही करा ना तिला फोन. … हां, लागत नाही. लागला असता तर ही बेडकाची भानगड कशाला… हट्टी कोण? मी? वन्सं, निदान तुम्ही तरी… थांबा."

दुकानाच्या दारात कोणीतरी उभं होतं. पायात चपला नव्हत्या आणि श्वास वर चढलेला.

"थांबा म्हणते ना! धाकटी आलीये."

रिसीव्हरवर हात ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"काय गं? … आई? … उठल्या? एकट्या? … पाय खाली टेकवला का? … टेकवला नाही ना? नक्की? … पलंगाच्या कडेला. पाठीला काय आहे? … भिंत. बरं केलंस. दोन्हीकडून उश्या, बरं. … नाही, एकटीला उचलायच्याच नाहीत त्या. पण तुला कसं कळलं? … दर दहा मिनिटांनी वर जाऊन बघायचीस? दोनपासून? … अगं, मग मी आले तेव्हा? … माझी पावलं वाजली की दाराआड. हो. बरोबर."

ती उठली. टेप गळ्यातच राहिली.

"वन्सं, ऐकलंत? पडल्या नाहीत. … पडल्या नाहीत हो! रडू नका आता. … चल गं. तू काखेत हात घाल, मी पाय धरते. … आणि ऐक. … नंतर नाही, आत्ताच ऐक, जिन्यात मला दम लागतो, बोलता येत नाही. तो झगा मी घाईत शिवला होता. बगलेत दुसरी शिलाई मारायची राहिली होती. मला तेव्हाच माहीत होतं."

रिसीव्हरमधून बारीक आवाजात कोणीतरी काहीतरी विचारत राहिलं.

"… काय? … वन्सं, काय म्हणणार ती? वळली आणि चढायलासुद्धा लागली. … हां, आता म्हणतेय. वरून ओरडतेय. 'कठडा धरून या.' … ठेवते."