वामनला दिलेली माहिती

...आता सगळे मलाच बोल लावतात, पण तुम्हाला सांगतो, वामनला महादूकडे नेलं ह्यात माझं काय चुकलं? वामन म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, चिंचणीचा, बोईसरला कारखान्यात फिटर. त्याला दोन वर्षांसाठी परदेशात नोकरी लागली. परत आला की बापाच्या होडीला इंजिन बसवायचं, म्हातारा सत्तरीतही वल्ही मारतोय... आणि देश कसला, तर तिथे लष्कराचं राज्य. मग माणसाला आधी माहिती नको?

महादू त्याच देशात राहून आलेला. म्हणाला, "वामन, तिकडं पुलाचा फोटो काढायचा नाय, शिपायाचा तर नायच नाय. झेंडा दिसला की जागच्या जागी उभं राहायचं. आपणहून बोलायचं नाय, आणि कोणी विचारलंच तर एवढंच, सरकार फार चांगलं हाय."

वामनने महिनाभर सराव केला. सकाळी बोईसरला जाताना स्टेशनात गार्डाने हिरवा झेंडा दाखवला, हा ताठ उभा, गाडी गेली निघून, कामाचा खाडा! घरी चंद्रकांताने, म्हणजे माझ्या बहिणीने, सहज विचारलं, "कालवण कसं झालंय?" तर हा म्हणतो, "फार चांगलं." बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! ती बिचारी घाबरून माझ्याकडे आली... मी म्हटलं, असू दे गं, माणसाला माहिती हवी.

मग पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. हवालदार भला माणूस, चहा मागवला, म्हणाला, "काय वामनराव, तिकडं कशाला चाललात?" वामन गप्प. "बरं, शेजारी कोण राहतं?" "आमी कोणाशी बोलत नाय." "अहो, इथं काय त्रास हाय का तुमाला?" "नाय साहेब. सरकार फार चांगलं हाय."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. तीस वर्षांच्या नोकरीत ठाण्यात येऊन असं बोलणारा त्याला कधी भेटलाच नव्हता! त्याने लिहिलं, 'सदर इसम काहीतरी लपवीत आहे.' झालं. चौकशी लांबली, पासपोर्ट अडकला, नोकरी लावणाऱ्या एजंटाने ती जागा दुसऱ्याला देऊन टाकली... आता तुम्हीच सांगा, ह्यात माहितीचा काय दोष?

त्या संध्याकाळी म्हातारा होडी वर ओढत होता. वामनने जाऊन हात लावला. म्हाताऱ्याने विचारलं, "इंजिनाचं काय झालं रे?" वामन होडीला जोर लावत म्हणाला, "वल्हं बी चांगलं हाय, बाबा. फार चांगलं."

तुम्हाला सांगतो, हे काही त्याला महादूने शिकवलं नव्हतं.