धुक्यातला वाटाड्या

हसू नका, पण त्या दिवशी हरिश्चंद्रगडावर माझी पार तंतरली होती. धुक्यात वाट दिसेना, अंधार पडायला आलेला आणि सोबतचा मित्र सुनील, त्याचा गुडघा सुजलेला. तेवढ्यात दिवसभर आमची बिस्किटं खाणारं कुत्रं पुढं निघालं.

मी म्हटलं, "याला वाट माहीत असणार. चल मागं."

जंगल दाट होत गेलं. सुनील सारखा विचारायचा, "येताना हा ओढा लागला होता का रे?"

मी कुत्र्यामागं चालत राहिलो.

शेवटी एक घर दिसलं. दारातल्या मावशींनी विचारलं, "गाडी कुठं लावली?"

"पाचनईला."

"आन् मग डोंगराच्या या अंगाला कशाला उतरला?"

"या कुत्र्यामागं आलो."

"अवो, त्यो आमचा मोत्या हाय. रोज दिवस मावळला की घरी येतो."