सहा पाकळ्यांची सदाफुली

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मला माईकवर बोलायची सवय नाही. कॅम्प तीनच्या रिक्षा स्टँडवर ओरडायची आहे. इथे काय बोलावं सुचत नाही. पण गायकवाड मॅडम गेल्या आणि मी गप्प बसलो, तर ते बरं नाही.

मंडळी, माझी वंदना बारावीला मॅडमकडे बायोलॉजी शिकत होती. प्रॅक्टिकलला तिच्यासमोर सदाफुलीचं फूल आलं. तिने पाकळ्या पाच लिहिल्या. पुस्तकात पाचच आहेत. मॅडमनी मार्क कापला, आणि त्या एका मार्कावरून तिची फार्मसी हुकली.

माझं डोकं फिरलं. रिक्षा तशीच सोडून कॉलेजात गेलो. मॅडमनी मला कंपाउंडजवळच्या झाडापाशी नेलं, शोधून एक फूल हातात दिलं. म्हणाल्या, "मोजा." मोजल्या. सहा. मी म्हटलं, फूल खराब असेल. त्यांनी ते सुईने उभं फाडलं. आत पुंकेसरही सहा. "हे खराब नाही. एखादं फूल असंही येतं. वंदनाचं असंच होतं. तिने बघितलंच नाही, पाठ केलेलं लिहिलं."

मी म्हटलं, "अहो, एका मार्काने तुमचं काय जाणार होतं?"

"माझं काहीच जाणार नव्हतं," म्हणाल्या. आता सांगा, अशा बाईशी काय भांडणार? राग मात्र गेला नाही. आजही वाटतं, द्यायला हवा होता तो मार्क.

वंदनाने मग लॅबचा कोर्स केला. बदलापुरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. मागच्या वर्षी मॅडमचं रक्त तिच्याकडेच आलं. मशीनचा आकडा भलताच आला, म्हणून तिने रक्ताचा थेंब लावलेली काच मायक्रोस्कोपखाली घेतली. पांढऱ्या पेशी मोजल्या. पुन्हा मोजल्या. आपलंच चुकलेलं असू दे, म्हणून पुन्हा मोजल्या. चुकलं नव्हतं. पोरगी त्या दिवशी जेवली नाही.

रिपोर्ट घ्यायला मॅडम स्वतः आल्या. मी डबा द्यायला गेलो होतो, समोरच होतो. वंदना म्हणाली, "मॅडम, डॉक्टर सांगतील."

"ते सांगतीलच. काच तू बघितलीस ना? काय दिसलं?"

तिने सांगितलं. रडत सांगितलं, पण दिसलं तेच सांगितलं. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "बरं झालं, तू मोजलंस. दुसऱ्या कुणाचं मी खरं मानलं नसतं."

वंदना मागे दाराशी उभी आहे. बोल म्हटलं, तर नाही म्हणाली. म्हणून मी आलो. उठा मंडळी, मॅडमसाठी थोडा वेळ गप्प उभं राहू या.