एक्कावन्न पाउंड

सिया: नाही बाबा, हे सगळे परत द्यायला लागेल.

शशिकांत: परत? अगं, मुलगी कौन्सिलला उभी आहे म्हणून कॉव्हेंट्रीभर फिरून मंडळातल्या लोकांकडून नऊ पाकिटं आणली मी.

सिया: प्रत्येकात फिफ्टी-वन पाउंड्स आहे. आणि नाव कुठेच नाही.

शशिकांत: मग पन्नास कोण देतं? वर एक ठेवायचाच असतो.

सिया: पन्नासपर्यंत कोणी काही विचारत नाही. पण एक पाउंड वर गेला की डोनरचा नाव, पत्ता, सगळं फॉर्मवर लिहायचं. नंतर ते कोणीही बघू शकतं.

शशिकांत: एवढंच ना? नऊ पाउंड काढून घेतो, चहाला होतील.

सिया: ते चीटिंग झाला, बाबा.

शशिकांत: अगं, नावं येणार नाहीत असं मीच सांगून बसलोय सगळ्यांना. यातलं एक पाकीट निवेदिताचं, आणि तिचा नवरा तुझ्या समोरच्या उमेदवाराची पत्रकं वाटतो. त्याला कळलं तर महिनाभर घरात अबोला.

सिया: आणि माझे लिफलेट्स? प्रिंटरला आज चारशे द्यायचे आहेत. लायब्ररी पाडून कार पार्क बांधणारा तो बिल्डर दोन हजार देतो म्हणतो.

शशिकांत: त्याचे घेणार?

सिया: नाही. मग लिफलेट नाही, आणि लिफलेट नाही तर मला कोण ओळखतो? म्हणून मी म्हणते, सगळ्यांच्या टॅक्समधून थोडे घ्या, सगळ्या कँडिडेट्सना सेम द्या. मग कोणाच्या दारात जायला नको.

शशिकांत: म्हणजे माझ्या टॅक्सातून तुझ्या विरोधकालाही पत्रकं?

सिया: हो. आणि त्याच्या टॅक्समधून मला.

शशिकांत: हं. हे बरं आहे. त्याच्या पैशानं तुझा फोटो छापलेला बघायला मला आवडेल.

सिया: बाबा, हसू नका. तसं कायदा नाही इथे अजून.

शशिकांत: नाही ना, मग आहे त्यात भागवू. निवेदिताचं तिला परत करतो. बाकीच्यांना फोन करून विचारतो, नाव दिलं तर चालेल का. सातच जण आहेत.

सिया: सात? निवेदितामावशी गेली तर आठ राहतात.

शशिकांत: कोपरा दुमडलेलं पाकीट माझं आहे.

सिया: तुमचं? तुम्ही तर म्हणालात, निवडणूक सोड, नोकरी सांभाळ.

शशिकांत: म्हणालो. चाळीस वर्षं इथे कर भरला, पण कुठे नाव पुढे केलं नाही. आपण बाहेरचे, कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं, असं वाटायचं. भीती वाटते गं अजून, तुझ्यासाठी जास्त.

सिया: मग नको लिहायला. खरंच, बाबा.

शशिकांत: पेन घे. शशिकांत वामन सबनीस. पत्ता तुला माहीत आहे.